अनुभव धागा: माल्कम पेठेचा माल्कम आणि त्याचं लँगहोम

वेण्णाकाठ

माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ 'माल्कम पेठ, महाबळेश्वर' असं लिहिलंय. लहानपणी वाटायचं, माल्कम म्हणजे कोणीतरी बंगलेवाला पारशी असणार. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम हे नंतर कळलं. १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी खंडाळा गावाच्या बदल्यात महाबळेश्वरची जागा कंपनीला दिली, आणि तिथं वसलेल्या पेठेला या साहेबाचं नाव पडलं. हा साहेब १७६९ साली जन्मला ते बर्नफूट स्कॉटलंडमधल्या लँगहोमजवळ आहे. हल्ली मी कार्लाइलला असतो, तिथून लँगहोम वीसेक मैलांवर. एवढ्या जवळ राहून न जाणं बरं दिसेना, म्हणून जूनमध्ये जाऊन आलो.

आधी उच्चार. लिहायचं लँगहोम, म्हणायचं 'लँगम'. मी बसमध्ये 'होम' म्हटल्यावर शेजारच्या आजींनी दोनदा सुधारलं.

एस्क, यूझ आणि वॉकोप अशा तीन नद्या जिथं मिळतात तिथं, डोंगरांच्या वाटीत हे बाजाराचं गाव बसलंय. करड्या दगडाची घरं, टाउन हॉलसमोर बाजारचौक, आणि वर व्हीटा टेकडीच्या माथ्यावर शंभर फुटी दगडी सुळका. तो माल्कमचा. तो वारल्यावर दोन वर्षांनी, १८३५ साली उभारायला घेतला. गावातून चढलो तर पाऊण तासात वर. शेवटचा टप्पा गवताचा आणि चिखलाचा, पाऊल टाकलं की खालून पाणी वर येतं. वर वारा असा की टोपी हातात धरावी लागली. सुळक्याला पाठ टेकून दक्षिणेला पाहिलं तर सॉल्वेची खाडी आणि तिच्यापलीकडं लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर. वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी बघितलं आणि विचारलं, "खाली गाडीतळ आहे का? मक्याची कणसं मिळतात का?"

तुमच्यापैकी कोण कोण तिकडं गेलंय? लँगहोम किंवा आसपासचं काहीही लिहा.

सुका बांगडा

मी मूळची मालवणची, ग्लासगोत अकरा वर्षं. आम्ही गेलो ते जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी, कॉमन रायडिंगला. गावाच्या सामायिक जमिनीच्या हद्दीवरून घोडेस्वारांनी फेरी मारायची, म्हणजे कोणी शीव सरकवली नाही ना ते बघायचं. १७५९ साली कोर्टात या जमिनीचा निकाल लागला, त्यानंतर ही वहिवाट पडली. शंभरावर घोडे अरुंद गल्लीतून टेकडीवर सुटतात तेव्हा पायाखालचा रस्ता हलतो.

पण मला बघायचं होतं ते ताट. लाकडी ताटलीवर जवाची भाकरी, तिच्यावर खारवलेला हेरिंग, आणि दोन्हींतून आरपार ठोकलेला भलामोठा खिळा. हे काठीवर उंच धरून मिरवणुकीत नेतात. सोबत माणसाहून उंच काटेरी थिसल आणि फुलांचा मुकुट. भाकरी म्हणजे गिरणीवरचा ड्यूकचा (इथल्या बड्या जमीनदाराचा) हक्क, मासा म्हणजे नदीवरचा, असं शेजारी उभ्या एका काकांनी समजावलं. मी म्हटलं, आमच्याकडे हे दोन्ही खिळ्याशिवाय जेवतात. ते इतके हसले की पुढं दिवसभर भेटेल त्याला तेच सांगत होते. घोड्याच्या पाठीवर उभं राहून एक जण 'जत्रा पुकारतो', त्यातला एक शब्द कळेल तर शपथ. माझ्या स्कॉटिश मैत्रिणीलाही कळला नाही.

शनिवार पेठ

सुळक्याचं कौतुक वाचलं. मीही चढलोय, पण मला वर जाऊन फार प्रसन्न वगैरे वाटलं नाही. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला त्या लढाईत हा माल्कमच होता, पुढं मंदसोरचा तहही यानेच केला. आणि जून १८१८ मध्ये अशीरगडाजवळ दुसरे बाजीराव शरण आले ते याच्याच छावणीत. वर्षाला आठ लाखांची नेमणूक याने कबूल केली, ती जास्त झाली म्हणून गव्हर्नर जनरल कुरकुरला. म्हणजे पेशवाईचा शेवटचा हिशेब या माणसाच्या हातचा. तो बाजीरावाशी सभ्यपणे वागला, हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी एकदम मनात धरून टेकडी उतरणं जरा जड गेलं, गुडघ्यांनाही.

मला जास्त आवडला तो गावाच्या दक्षिणेला चार-पाच मैलांवरचा गिलनॉकी टॉवर. चौकोनी, जाड भिंतींची दगडी गढी. ही आर्मस्ट्राँग घराण्याची. सोळाव्या शतकात सरहद्दीवरची ही घराणी रात्री घोड्यावरून जाऊन गुरं पळवायची. त्यांना 'रीव्हर' म्हणत. लूट नको असेल तर आधीच पैसे भरायचे, त्याला ब्लॅकमेल म्हणत. इथला 'मेल' म्हणजे खंडणी, टपालाशी त्याचा काही संबंध नाही. वाचल्याबरोबर माझ्या तोंडून 'चौथ!' निघालं. १५३० साली राजा पाचव्या जेम्सने जॉनी आर्मस्ट्राँगला साथीदारांसकट फासावर दिलं. अशा खोऱ्यातला मुलगा तेराव्या-चौदाव्या वर्षी हिंदुस्थानात येतो आणि पुढं पेंढाऱ्यांचा बंदोबस्त करणाऱ्या फौजा हलवतो, ही गंमत मला तिथल्या जिन्यात सुचली. जिना वळणाचा आणि अंधारा आहे, डोकं सांभाळा.

ओले मोजे

जाणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. रेल्वे शोधू नका, प्रवासी गाडी १९६४ सालीच बंद झाली. बस एडिंबराहून हॉइकमार्गे कार्लाइलला जाते, ती लँगहोमला थांबते. शेवटच्या बसची वेळ आधी बघून ठेवा. मी नाही बघितली. पावसात दीड तास चौकात उभा राहिलो, मग एका मेंढपाळाच्या पिकअपमध्ये दोन कुत्र्यांच्या मधे बसून निघालो. कुत्र्यांना तक्रार नव्हती.

दगडविटा

स्थापत्यवाल्यांनी लँगहोमजवळचं वेस्टरकर्क चुकवू नये. थॉमस टेलफर्ड १७५७ साली तिथल्या मेंढपाळाच्या घरात जन्मला, काही महिन्यांत बाप गेला. लँगहोममध्ये पाथरवटाच्या हाताखाली काम शिकला. तिथल्या एस्कवरच्या पुलाला त्याचे हात लागलेत. मी खाली उतरून कमानीच्या दगडांवरून हात फिरवून आलो. छिन्नीच्या रेघा तिरक्या, एकसारख्या अंतरावर, पाण्याजवळच्या थरात शेवाळ भरलेल्या. याच माणसाने पुढं कॅलेडोनियन कालवा आणि १८२६ साली मेनाईचा झुलता पूल बांधला. मरताना वेस्टरकर्क आणि लँगहोमच्या वाचनालयांना पैसे ठेवून गेला. वेस्टरकर्कचं वाचनालय सुरू झालं होतं ते खाणकामगारांसाठी, अठराव्या शतकात! आमच्या कॉलेजात त्याचं नाव पाच मार्कांच्या टीपेपुरतं होतं.

नागपुरी

आम्ही दीक्षाभूमीच्या आजूबाजूला वाढलेली माणसं. लँगहोमहून एस्कच्या काठाने वर एस्कडेलम्यूरला गेलो तर मेंढ्यांच्या माळात अचानक पांढरा स्तूप आणि सोनेरी कळस. साम्ये लिंग, १९६७ साली स्थापलेला तिबेटी बौद्ध विहार. पूजापद्धती आमच्यापेक्षा अगदी वेगळी. पण दारात बुटांची रांग दिसली आणि आई म्हणाली, "चला, ओळखीचं काहीतरी आहे." तिने बाहेर बसून सगळे बूट जोडीने लावले.

वेण्णाकाठ

शनिवार पेठ, तुमचं म्हणणं पटलं. मी वर होतो तेव्हा कॉलच्या नादात हे डोक्यातच नव्हतं.

एक राहिलं. सुळक्यावरून पूर्वेला दिसणारा लँगहोम मूर, म्हणजे माळ, ड्यूककडून गावानेच विकत घेतलाय. २०२१ साली ५,२०० एकर, ३८ लाख पौंडांना. पुढच्या वर्षी आणखी ५,३०० एकर, २२ लाखांना. एवढुशा गावाने लोकवर्गणी आणि देणग्यांतून! आता तिथं टॅरस व्हॅलीचं निसर्गक्षेत्र आहे. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा गप्प झाले, आणि मग म्हणाले, "एकरी किती पडला रे?"