विम्याचं काम सोडून चित्रकार झालेला गिब्सन : कुठलं पुस्तक आधी वाचू?

सड्यावरचा : राजापूरजवळ राहतो. पोटासाठी विम्याचे हप्ते गोळा करतो, पावसाळ्यात रविवारी वही घेऊन सड्यावर जातो. सीतेची आसवं आणि तेरडा, ही दोन फुलं, एवढंच काढता येतं. विल्यम हॅमिल्टन गिब्सनबद्दल परवाच कळलं. १८५० साली कनेक्टिकटात जन्म, वडील गेल्यावर ब्रुकलिनला विम्याच्या धंद्यात, मग ते सोडून निसर्गचित्रं आणि लेखन. बायकोला सांगितलं तर म्हणते, "त्याच्या गिऱ्हाइकांचं काय झालं, ते आधी विचार." असो. सुरुवात कुठून करू? आणि त्याच्या पुस्तकावरून आपली अळंबी ओळखता येतील का?

चिपळूणकरीण : 'शार्प आइज' (१८९१) घ्या. वर्षाच्या बावन्न आठवड्यांत किडे, पक्षी, फुलं काय करतात, त्याची ती रोजनिशीच आहे. गंमत म्हणजे याच माणसाचं १८७६चं पुस्तक जनावरांना सापळे कसे लावावेत यावर होतं! चित्रं बघताना एक लक्षात ठेवा, तेव्हा चित्र लाकडी ठोकळ्यावर कोरून छापायचे आणि कोरणारा वेगळा असायचा. म्हणजे पुस्तकातल्या रेषेत दोन हात आहेत.

मला तो आवडतो तो फुलाच्या आत डोकावतो म्हणून. मधमाशी कुठून शिरते, पराग तिच्या अंगावर नेमका कुठे लागतो, हे व्याख्यानात दाखवायला त्याने हलते तक्ते केले होते. तुमचा तेरडाच बघा ना. आधी परागकोशांची टोपी असते, ती गळून पडली की खालची कुक्षी, म्हणजे पराग घेणारं टोक, उघडी होते. एकच फूल आधी नर, मग मादी. दोन्ही अवस्थांतलं काढा.

कुडाळची मावशी : अळंब्यांचा नाद पुस्तकावरून करू नका रे. त्याने अळंब्यांच्या पुस्तकात निवडलेल्या तीस जाती तिकडच्या, अमेरिकेतल्या. बुडाशी पेला असलेली विषारी अमानिटा त्याने नीट समजावली आहे, पण पेला नाही म्हणजे खायला चालेल, असं मुळीच नाही. आम्ही वारुळावरची तेवढी खातो, तीही सासूबाईंनी हातात घेऊन बघितल्यावर.

चिपळूणकरीण : मावशींना दुजोरा. खाऊ नका, बीजाणूंचा, म्हणजे अळंबीतून झडणाऱ्या बारीक भुकटीचा, छाप घ्या. त्याच्या १८९५च्या अळंब्यांच्या पुस्तकात त्यावर वेगळं प्रकरणच आहे. देठ कापा, छत्री पालथी न करता कागदावर ठेवा, वर वाटी झाका. अर्धा कागद काळा घ्या, पांढरे बीजाणू पांढऱ्यावर दिसत नाहीत. तो १८९६ साली गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी, पुढच्याच वर्षी.

सड्यावरचा : केलं. शेजारच्या काकूंनी वारुळावरचं एक दिलं, मूळ हातभर खोल होतं म्हणे. सकाळी वाटी उचलली तर चाकाच्या आऱ्यांसारख्या बारीक रेघा, फिकट गुलाबी. बायकोसुद्धा चहा ठेवून बघायला आली. कागद जपून कपाटात ठेवला आणि पावसाने घोळ केला. तिसऱ्या दिवशी छापावरच हिरवी बुरशी. आता तिचं चित्र काढतोय.