फॅमिली ग्रुप: अंतराळपटांत देखाव्यापलीकडे काही असतं का?

मामा: दादाने सुचवलेला अंतराळपट पाहिला. ग्राफिक्स जबरदस्त, पण शहरं कोसळण्यापलीकडे त्यात काही नाही. विचार हवा असेल तर माणसाने विज्ञानकथा वाचाव्यात, बघू नयेत.

दादा: तो सिनेमा तसाच होता मामा, मान्य. पण देखावा आला की विचार गेला, हे पटत नाही.

ताई: मलाही नाही पटत. '२००१: अ स्पेस ओडिसी' आठवा, १९६८चा. दिग्दर्शक कुब्रिकने यानाचा फिरता भाग खरोखरच बांधून घेतला होता, ३८ फूट व्यासाचं चाक! अंतराळवीर त्यात गोल धावत राहतो. वर-खाली असं काही उरतच नाही. कुणी काही बोलत नाही, तरी हा माणूस यंत्राच्या किती अधीन आहे ते कळतं. हेच संवादातून सांगितलं असतं तर भाषण झालं असतं.

आत्या: पण फार संथ आहे गं तो. मुलं अर्ध्यातून उठतात.

ताई: आत्या, संथ आहे म्हणूनच नीट बघायला सवड मिळते. रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीच्या 'सोलारिस'मध्ये (१९७२) भविष्यातलं शहर म्हणून दिसतात ते टोकियोतले खरेखुरे रस्ते. गाडी बोगद्यांतून, पुलांवरून जातच राहते आणि हळूहळू आपलंच जग परकं वाटायला लागतं.

मामा: मग खर्चिक सिनेमांनाच विचाराचं वावडं आहे म्हणायचं.

ताई: तसंही नाही. 'इंटरस्टेलर' (२०१४) खर्चिकच होता. त्यातलं कृष्णविवर भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून साकारलं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. विवराजवळच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. तिथून यानात परतल्यावर अंतराळवीर बाप मुलांचे साठलेले निरोप बघत रडतो. त्या अफाट दृश्याची किंमत एका माणसाच्या चेहऱ्यावर दिसते. तुम्ही पाहिलेल्या सिनेमात इमारती पडतात, आत कोण होतं ते कधीच कळत नाही. अमेरिकन लेखिका-समीक्षक सुसान सोंटॅग यांनी १९६५ सालीच लिहिलं होतं की असे विज्ञानपट विध्वंसातलं सौंदर्य दाखवतात, पण समाजावर टीका करत नाहीत. दुसरा भाग मला सरसकट मान्य नाही, पहिला आजही लागू पडतो.

मामा: चेहऱ्याचा मुद्दा पटला. 'सोलारिस' बघतो.

आत्या: आणि मुलांना?

ताई: 'इंटरस्टेलर'. संपल्यावर विचारा, त्या एका तासात कुणाचं काय गेलं.