फ्लोराइड वार्निश लावल्यावर दातात नक्की होतं काय?

खडूचेडाग: लेक 6 वर्षांची. पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखे पांढरे डाग दिसले म्हणून दाखवलं तर डेंटिस्ट म्हणाले किडीची सुरुवात आहे, ड्रिल नको, वार्निश लावू. दोन मिनिटांत काहीतरी चिकट फासलं, झालं! दात पिवळट दिसतायत ते वेगळंच. पण हे उद्या ब्रश केल्यावर निघूनच जाणार ना, मग उपयोग काय?

दातकोरू: पिवळेपणा तात्पुरता असतो, टेन्शन नको. आणि वार्निश निघून जाणारच, काम आत चालू राहतं. बघा, गोड खाल्लं की जंतू ॲसिड करतात, तोंडाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरातलं, कॅल्शियम न् फॉस्फेट विरघळायला लागतं, नंतर लाळ तेच परत भरून काढते, ही ओढाताण दिवसभर चालू असते. वार्निशमुळे दातावर कॅल्शियम फ्लोराइडचे बारीक कण साठतात, ॲसिड आलं की त्यातून फ्लोराइड सुटतं आणि जे नवीन इनॅमल भरतं ते फ्लोरापॅटाइट या फ्लोराइडवाल्या खनिजासारखं, म्हणजे पीएच 4.5 च्या आसपासपर्यंत टिकणारं. कवच नाही हो, शिल्लक ठेवलेला साठा म्हणा. संपतो, म्हणून 3 ते 6 महिन्यांनी परत लावतात.

दोनपोरांचाबाप: एक सांगतो, आम्ही वार्निशच्या भरवशावर बिनधास्त राहिलो आणि थोरल्याची दाढ खाचेत किडली. तिथे ब्रशचे केसच पोचत नाहीत. दाढांच्या खाचांसाठी सीलंटचं (खाचा बुजवणारा पातळ थर) विचारून घ्या.

खडूचेडाग: हे माहीतच नव्हतं, थँक्स. पण पोटात गेलं तर? आणि डाग जातील का?

दातकोरू: वार्निशमध्ये फ्लोराइड 22,600 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), आकडा बघून घाबरायला होतं, पण लावतात अगदी थोडं आणि ते दाताला चिकटून बसतं. त्यापेक्षा रोज पेस्ट गिळणं वाईट, पक्के दात आत बनत असताना जास्त फ्लोराइड गेलं तर त्यांच्यावर फ्लोरोसिसचे डाग येतात. या वयात वाटाण्याएवढीच पेस्ट द्या, थुंकायला लावा, पण नंतर खळखळून चूळ भरू नका, सगळं फ्लोराइड धुऊन जातं (हे मोठेही चुकतात). पांढरे डाग कधी फिके होतात, कधी तसेच राहतात पण कडक, चकचकीत होतात, म्हणजे कीड थांबली. खड्डा पडला असेल तर मात्र तो फ्लोराइडने भरत नाही, फिलिंगच करावं लागतं.