ह्यूमन लीग १९८० मध्ये संपला नाही

मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श १९८० साली बाहेर पडले तिथेच ह्यूमन लीग हा इंग्लंडचा इलेक्ट्रॉनिक पॉप बँड संपला, असं कुणीतरी म्हटलंय. मला हे अजिबात पटत नाही. युरोपचा दौरा तोंडावर, सिंथेसायझर सांभाळणारे दोघेही गेलेले. अशा वेळी बँडचा गायक फिल ओकीने शेफील्डच्या क्रेझी डेझी नाइटक्लबमध्ये नाचणाऱ्या जोआन कॅथरॉल आणि सुझॅन सली या शाळकरी मैत्रिणींना बँडमध्ये घेतलं! पुढे इयन बर्डन आला. रेझिलोज या पंक बँडचा गिटारिस्ट जो कॅलिस आला आणि इथे चक्क सिंथेसायझर वाजवू लागला. १९८१ च्या 'डेअर' या अल्बममधलं 'डोन्ट यू वॉन्ट मी' हे गाणं रचण्यात याच कॅलिसचा वाटा आहे. वेअर-मार्शचा नंतरचा बँड हेवन सेव्हन्टीन मलाही आवडतो, पण लीगचा खरा बहर त्यांच्यानंतरचाच.