अनुभव धागा: जुनी गाडी, सर्व्हिसचे कागद, वॉरंटी आणि (मागे फिरवलेले) किलोमीटर

आंबटचुका
काल माळा आवरायला काढला. पितळेची भांडी राहिली बाजूला, हाताला लागली बाबांच्या ८०० ची डायरी. म्हणजे बाबांची नाही, आधीच्या मालकाची. सांगलीत बँकेतले एक साहेब होते, त्यांची १९८९ ची मारुती बाबांनी १९९६ ला घेतली. त्या गृहस्थांनी सात वर्षं प्रत्येक पेट्रोल, प्रत्येक ऑइल बदली, पंक्चरसुद्धा लिहून ठेवलंय, निळ्या शाईत, तारीख किलोमीटर रुपये. एका ठिकाणी "डावा आरसा. चिरंजीवांनी फोडला." शेवटच्या पानावर "गाडी आज दिली. चाव्या दोन." बस्स. बाबा म्हणायचे मी गाडी नंतर बघितली, डायरी बघून इसार आधी दिला.
आता लेकाला जुनी गाडी घ्यायचीय, साडेचार-पाच लाखात. रोज मोबाईलवर फोटो दाखवतो, सगळ्याच फर्स्ट ओनर, सगळ्याच फुल सर्व्हिस हिस्ट्री. बुक दाखवा म्हटलं की "असेल ना मॅडम, गाडीतच असेल." तर तुमचे अनुभव सांगा, फसलेले आधी.

ढब्बू_मिरची
"चिरंजीवांनी फोडला" हाहाहा. माझ्या वडिलांनी असं लिहायचं ठरवलं असतं तर दोनशे पानी वही लागली असती.

वाकडा_बंपर
फसलेले आधी म्हणताय तर मीच.
२०२२ मध्ये पुण्यात एका डीलरकडून २०१७ ची हॅचबॅक घेतली, नाव नको. ३८ हजार किलोमीटर, सर्व्हिस बुक हजर, प्रत्येक पानावर शिक्का, सही, मला वाटलं वा काय माणूस असेल. घरी आणून हौसेने बायकोला दाखवत बसलो होतो तर ती म्हणाली ही तारीख बघ. २८ एप्रिल २०२०!! कडक लॉकडाऊन, आम्ही दूध आणायला तोंड बांधून जात होतो आणि हा पठ्ठ्या पुण्यात गाडीचं सर्व्हिसिंग करून घेतोय. मग नीट बघितलं, सगळ्या पानांवर एकच पेन, एकच सही, शिक्क्याची शाई सगळीकडे सारखीच ओली वाटावी अशी जांभळी. पाच वर्षांचं बुक पण कोपरे नव्या पासबुकासारखे, एक ऑइलचा डाग नाही.
नंतर ओळखीतून वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर बघितलं, २०१९ लाच ६१ हजार झालेले होते. डीलर म्हणतो आम्हाला गाडी अशीच आली.

आंबटचुका
अगं बाई. वहिनींना दंडवत.

वाकडा_बंपर
हो, पैसे देण्याआधी दाखवायला हवं होतं हे ती रोज एकदा म्हणते.

खारी_बिस्किट
टायर बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३२१८ म्हणजे २०१८ सालचा ३२ वा आठवडा. मी बघितलेली गाडी २०१८ ची, मीटरवर २४ हजार आणि चारही टायर २०२२ चे. २४ हजारात कुणी चार टायर बदलतं का हो? मालक म्हणे हौस म्हणून बदलले. आणि क्लच पेडलचं रबर घासून गुळगुळीत. निघालो तिथून. काचेवर पण साल असतं, एकच काच वेगळ्या सालची निघाली तर का बदलली विचारायचं, दगड लागला का पलटी झाली.

नानांची_छत्री
आमच्याकडे एवढं कुणी बघत नाही. भाचा गेला, गाणी लावून बघितली, गाडी घेतली. चार वर्षं झाली, काही नाही. नशीब.

चिंचगुळ
मी चिपळूणची, सासर. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमची गाडी बुडाली, छतापर्यंत. इन्शुरन्सने टोटल लॉस दिला, म्हणजे दुरुस्ती नाही, गाडीचेच पैसे, गाडी ते घेऊन गेले, आम्ही पण म्हटलं सुटलो. आठ-नऊ महिन्यांनी दिराने एक जाहिरात पाठवली, गाडी दुसऱ्याच शहरात विकायला आणि नंबर प्लेट आमचीच!! फोटोत चकचकीत, नवी सीट कव्हर्स, खाली लिहिलेलं लेडी ड्रिव्हन. ती लेडी मीच हो. नाव पण आमचंच होतं आरसीवर अजून. मग धावाधाव, इन्शुरन्सवाल्यांना मेल, आरटीओत अर्ज, ती वेगळी कथा.
पण सांगायचं हे की तिचं सर्व्हिस रेकॉर्ड एकदम खरं होतं. सगळ्या सर्व्हिस कंपनीत वेळेवर. पुरापर्यंत. पुढचं कुठे येणार त्यात? म्हणून गाडी बघायला गेलात की सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. वरचा भाग धुतात, आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. स्टेपनीच्या खाली बोट फिरवा. आणि वास. तो वास मला अजून झोपेत येतो.

ढब्बू_मिरची
बाप रे. ती लेडी मीच हो ला हसावं का रडावं.

पन्हाळा_रिटर्न
२०१९ च्या पुरानंतर कोल्हापुरात पण गॅरेजबाहेर गाड्यांच्या रांगाच रांगा होत्या. त्या सगळ्या भंगारात गेल्या नाहीत हे नक्की.
चिंचगुळ, काळजी घ्या.

मधली_सुट्टी
वॉरंटीबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते, डबा भरता भरता, शुद्धलेखन माफ. आम्ही दोन वर्षं जुनी गाडी घेतली, आधीच्या मालकाने पाचव्या वर्षापर्यंतची एक्स्टेंडेड वॉरंटी काढलेली, कागद दिले, आम्ही त्या कागदांवर भुलून पन्नासेक हजार जास्त मोजले. उन्हाळ्यात एसीचा कॉम्प्रेसर गेला. वर्कशॉप म्हणे वॉरंटी जुन्या मालकाच्या नावावर आहे. आम्ही आरसी नावावर केली, इन्शुरन्स केला, पण वॉरंटी पण ट्रान्सफर करायची असते हे कुणाला सुचलंच नाही, फॉर्म होता, थोडी फी होती. बरं ते कसंबसं जुळवून आणत होते तर रेकॉर्डमध्ये निघालं की मागची एक सर्व्हिस २३०० किलोमीटर उशिरा झालीय. नामंजूर. ३१ हजार घरचे. ह्यांनी त्या पुस्तिकेची बारीक अक्षरं भिंग घेऊन वाचली, ती पण बिल भरून झाल्यावर.

वाकडा_बंपर
बारीक अक्षरं आमच्याकडे पाठवा, वाचणारी आहे एक.

लसणीची_चटणी
@मधली_सुट्टी, कंपनीची मूळ वॉरंटी गाडीबरोबर आपोआप येते, चासी नंबरवर असते. एक्स्टेंडेडचं मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं. आणि ती एक्स्टेंडेड मूळ वॉरंटी संपायच्या आत घ्यावी लागते, मग धावून उपयोग नाही. मारुतीची पूर्वी २ वर्षं किंवा ४० हजार होती, जुलै २०२४ पासून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर. म्हणजे विकणारा "तीन वर्षं वॉरंटी आहे" म्हणाला तरी गाडी कधीची ते बघा. आणि 'किंवा' महत्त्वाचा, जे आधी संपेल ते. माझ्या मेव्हण्याने वर्षात ४५ हजार चालवून वॉरंटी मागितली होती.

ढब्बू_मिरची
मेव्हणे टुरिस्टवर होते का?

लसणीची_चटणी
नाही, लग्न ठरत होतं. मुली बघत फिरत होते.

अर्धा_कटिंग
हाहाहा ४५ हजार किलोमीटर मुली बघितल्या. ठरलं का शेवटी?

लसणीची_चटणी
ठरलं, आमच्याच गल्लीतली.

गिअर_न्यूट्रल
एक मुद्दा. बाहेरून लाइट, हॉर्न, कॅमेरा लावताना वायर कापली असेल तर इलेक्ट्रिकलची वॉरंटी गेली समजा. बाहेरून सीएनजी किट असेल तर आणखी वांधे. डॅशबोर्डखाली वाकून बघा, काळी चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली तर कुणीतरी हात घातलाय.
आणि बेल्टवाली इंजिनं असतात त्यांना टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या आतला, व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) कधी बदलला त्याचं बिल मागा, तोंडी नको. बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांचे व्हॉल्व्ह वाकतात, मग गाडीपेक्षा बिल मोठं. स्विफ्ट डिझेलच्या १.३ लिटर इंजिनाला बेल्टऐवजी चेन आहे, तिथे हा प्रश्न नाही, तरी एका विक्रेत्याने मला स्विफ्टचा "बेल्ट नुकताच बदललाय" असं छातीठोक सांगितलं होतं.

नानांची_छत्री
उंदराने वायर खाल्ली तर वॉरंटीत बसतं का?

गिअर_न्यूट्रल
नाही. इन्शुरन्समध्ये बसलं तर बसलं, पॉलिसी बघा.

मधली_सुट्टी
उंदरांना तंबाखू ठेवा बॉनेटमध्ये. पानं, पुडी नाही.

दुधी_हलवा
मी जरा उलटं बोलतो. माझी गाडी २०१४ ची, फ्री सर्व्हिसिंग संपल्यावर कंपनीत एकदाही नेली नाही. कोपऱ्यावरचा फिटर करतो, ऑइल माझ्या डोळ्यांसमोर ओततो, वहीत मी लिहितो, बिल तो देत नाही आणि मी मागत नाही. आता विकायला काढली तर येणारा प्रत्येक जण कंपनीचं रेकॉर्ड मागतो आणि नाही म्हटलं की लगेच ४० हजार पाडून मागतो. कंपनीत १५ हजाराचं बिल करून निम्मी कामं कागदावरच होतात ते चालतं, माझी वही चालत नाही.

आंबटचुका
मला चालेल. खरंच. गाडी कुठली, कुठे आहे?

दुधी_हलवा
नाशिक. वॅगन आर, पेट्रोल, ६८ हजार. पण ताई, उगाच भावनेच्या भरात नको, फिटर घेऊन या.

वाकडा_बंपर
आणि बायकोला घेऊन जा. म्हणजे माझ्या. भाड्याने मिळेल.

थंडीत_आइस्क्रीम
इंग्लंडातल्या लेस्टरहून. इथे तीन वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी एमओटी तपासणी लागते आणि सरकारी साइटवर नंबर टाकला की जुन्या तपासण्या, नापास कशात झाली, दर वेळचे किलोमीटर (इथे मैल) सगळं फुकट दिसतं. मी घेतलेल्या गाडीत एका वर्षी मैल कमी झालेले दिसले, विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला तपासणाऱ्याने आकडा चुकीचा टाकला असेल. आणि खरंच तसं निघालं, पुढच्या वर्षी परत बरोबर. आपल्याकडे हे कधी होणार.

मोरांबा_न्यूजर्सी
इथे अमेरिकेत डीलरच्या गाडीच्या काचेवर कागद लावावाच लागतो, वॉरंटी आहे की 'ॲज इज', म्हणजे आहे तशी. आमच्या पहिल्या गाडीवर ॲज इज ला खूण होती, आम्हाला वाटलं ते मॉडेलचं नाव. विद्यार्थी होतो, कारफॅक्सचे (गाडीचा जुना इतिहास देणारा रिपोर्ट) पैसे वाचवले आणि ट्रान्समिशनला, म्हणजे गिअरबॉक्सला घातले.

अर्धा_कटिंग
आपल्याकडे सगळ्याच ॲज इज, कागद लावायची गरज नाही.

खारी_बिस्किट
आधीच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) बघा. ५० टक्के असेल तर पाच वर्षं क्लेम नाही. शून्य असेल तर विचारा काय झालं.

लसणीची_चटणी
अर्धं बरोबर. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, तो जुन्या गाडीवरून नव्या गाडीवर नेता येतो. त्यामुळे ५० टक्के बघून हुरळू नका. आणि गाडी घेतल्यावर इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्या, तुम्हाला त्याचा बोनस मिळणार नाही, फरक भरावा लागतो. आरसीला २९, ३० नंबरचे फॉर्म, कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म. आरसीवर बँकेचं नाव आहे का बघाच, लोक हप्ते फेडतात आणि बोजा उतरवायचा विसरतात.

पन्हाळा_रिटर्न
मी विसरलो होतो. नऊ वर्षं. बँकेची ती शाखाच उठून गेली होती.

चिंचगुळ
एक चांगलं पण सांगते. पुरानंतर जी जुनी गाडी घेतली तिचा चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर एअरबॅगचं रिकॉल (कंपनी दोष दुरुस्त करायला गाडी परत बोलावते ते) निघालं, आधीच्या मालकाने केलंच नव्हतं. वॉरंटी कधीच संपलेली, आम्ही तिसरे मालक, तरी फुकट बदलून दिली. दोन तासात. चहा पण दिला.

अर्धा_कटिंग
चहा दिला म्हणजे बिल येणार असं मला नेहमी वाटतं.

आंबटचुका
नाशिकला जाऊन आलो रविवारी. लेक, आमचा फिटर, मी. दुधी_हलवा यांची वही बघितली, "ब्रेक पॅड पुढचे, १,९००, फिटर म्हणाला मागचे लायनर अजून चालतील" असं सगळं. फिटरने सीटबेल्ट ओढले, खाली झोपून बघितलं, टायरचे आकडे वाचले, अर्धा तास काही बोललाच नाही. मग म्हणाला मागचे आता नाही चालणार, बदला. तेवढे वजा करून व्यवहार झाला. बँकेचं नाव आरसीवर नाही, बघितलं.
चावी मात्र एकच आहे. दुसरी शोधतायत.

दुधी_हलवा
सापडली! माळ्यावर, पितळेच्या डब्यात. कुरियर करतो.

नानांची_छत्री
तंबाखूची पानं कुठे मिळतात पुण्यात?