मदत हवी आहे : कमांड-लाइन पर्याय वाचणाऱ्या लायब्ररीत काय ठेवावे?

नमस्कार. महापे येथील आमच्या कार्यालयातील साधनांसाठी मी कमांड-लाइनवरील पर्याय (प्रोग्रॅम चालवताना त्याच्या नावापुढे टाइप केलेल्या सूचना) वाचणारी एक लहान लायब्ररी लिहीत असून तिच्यात कोणत्या सोयी असाव्यात, याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. एकाक्षरी पर्याय जोडून लिहिणे, ‘--’ नंतरचा कोणताही शब्द पर्याय न मानणे आणि मदतीचा मजकूर आपोआप तयार होणे, एवढे नक्की आहे.

खरी अडचण लांब नावांच्या संक्षेपाची, म्हणजे पर्यायाचे पूर्ण नाव न लिहिता सुरुवातीची काही अक्षरेच लिहिण्याची, आहे. पायथन भाषेच्या आर्गपार्स या पर्याय वाचणाऱ्या लायब्ररीमध्ये ही सोय मुळातच चालू असते. ती बंद करण्याची मुभा ३.५ आवृत्तीत आली. आमच्या रात्री चालणाऱ्या एका स्क्रिप्टमध्ये ‘--व्हर्बोज’ऐवजी ‘--व्हर’ लिहिलेले होते आणि पुढे मी ‘--व्हर्जन’ हा पर्याय जोडताच तो संक्षेप संदिग्ध ठरून स्क्रिप्ट थांबली. त्यामुळे मला संक्षेप नकोसाच वाटतो. परंतु दिवसभर टर्मिनलवर काम करणारे सहकारी तो मागतात आणि त्यांची गरज खरी आहे. टॅब दाबून नाव पूर्ण करण्याची सोय दिल्यास ती उणीव भरून निघते का?

उपकमांड (एकाच प्रोग्रॅममधील वेगवेगळ्या कामांच्या कमांड) लायब्ररीने हाताळाव्यात की प्रोग्रॅमवर सोपवाव्यात, हेही कृपया सांगावे. अशी लायब्ररी ज्यांनी काही वर्षे सांभाळली आहे, त्यांनी कोणती सोय नंतर काढून टाकावीशी वाटली, ते आवर्जून लिहावे.