शुक्र 'उठून' दिसतो का?

भाच्याची निबंधाची वही हाती आली. त्याने लिहिलं होतं, 'पश्चिमेला शुक्र उठून दिसत होता.' बाईंनी 'उठून'भोवती लाल गोल काढून समासात शेरा मारला होता : ग्रह उगवतो, उठत नाही.

उन्हाळ्यात नागपुरात संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून बसण्याची आमची जुनी सवय. तिथेच खटला चालला.

या 'उठणं'चा अंथरुणाशी संबंध नाही. ठसा उठतो, अंगावर वळ उठतात, छापात रंग नीट उठला नाही असं आपण म्हणतो. सपाट पृष्ठभागातून काहीतरी वर येतं, ते हे उठणं. उठावदार नक्षी त्यातलीच, भूगोलाच्या पुस्तकातला 'भूउठाव'ही त्यातलाच. (१८५७चा उठाव वेगळ्या वाटेने गेला, त्याला इथे नको.) म्हणजे उठून दिसायला मागे पार्श्वभूमी लागते. दीक्षाभूमीचा पांढरा स्तूप मे महिन्यातल्या पांढुरक्या आभाळापुढे भव्य वाटतो, डोळ्यांत भरतो. पण उठून दिसतो तो जूनमध्ये, मागे काळे ढग आले की. स्तूप तोच, आभाळ बदललं. तसाच सूर्यास्तानंतर, एकही तारा उमटलेला नसताना, निळसर आभाळावर एकटा शुक्र. भाच्याचं वाक्य मला तरी बिनचूक वाटतं.

'डोळ्यांत भरणं' मात्र कौतुकाचं आहे. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसतात, तरी त्या डोळ्यांत भरतात असं कोणी म्हणत नाही. फार तर खुपतात म्हणतील.

आता 'ठळक'. ठळक अक्षर, ठळक बातम्या, ठळक तारा. याला पार्श्वभूमीशी फारसं घेणंदेणं नाही, ऐवज त्या वस्तूचाच. व्याध ठळक, कारण रात्रीच्या आकाशातला तो सगळ्यात तेजस्वी तारा, प्रत उणे १.४६. (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप; आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी.) सप्तर्षींतला वसिष्ठ ठळक, त्याला खेटून असलेली अरुंधती पुसट, चौथ्या प्रतीची. लग्नात ती दाखवायची तर आधी शेजारच्या मोठ्या ताऱ्याकडे बोट करायचं, नजर तिथे ठरली की हळूच बाजूला न्यायची. यालाच अरुंधतीदर्शनन्याय म्हणतात. नागपूरच्या बर्डीत, म्हणजे सीताबर्डीत, पत्ता सांगताना आपण दुसरं काय करतो? "टेकडी गणपती माहीत आहे ना? मग त्याच्या अलीकडे..."

इथे भाच्याने अडवलं. "पण मावशी, ध्रुव तर सगळ्यात ठळक असते ना?"

नसतो. हा गैरसमज घरोघरी आहे. ध्रुव दुसऱ्या प्रतीचा, तेजस्वितेच्या यादीत पहिल्या चाळिसातही त्याचा नंबर लागत नाही. त्याचं मोल अढळपणाचं. दिशा त्याच्यावरून ठरते, म्हणून तो 'खूण'. खूण ठळक असायलाच हवी असं नाही. आमचा झिरो माइलचा दगड घ्या. इंग्रजांच्या काळातल्या सर्वेक्षणाचा खांब, सोबत चार घोडे, आणि आता शेजारी मेट्रोचं भलंमोठं स्टेशन. पाहुण्यांना तो मुद्दाम दाखवावा लागतो. पहिल्या खेपेला ते पुढेच निघून जातात. तरी 'झिरो माइलपाशी ये' म्हटलं की नागपूरकर चुकत नाही. 'लँडमार्क'साठी कोणी 'भूचिन्ह' सुचवतात. रिक्षावाल्याला सांगून पाहा एकदा! 'खूण' हा शब्द असताना ती कसरत कशाला?

एव्हाना शुक्र समोरच्या पाण्याच्या टाकीमागे टेकला होता. भाच्याने वही मिटली.

"मग बाईंना काय सांगू?"

"सांग, उठून दिसणं बरोबर आहे."

तो जिन्याकडे निघाला आणि वळून म्हणाला, "नशीब, 'उठून दिसून राहिला होता' नाही लिहिलं."